ओला कचरा आवारातच जिरवायचा तर आधी पाला साठवा

पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या मागच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचं खत करायला बांधलेल्या विटांच्या दोन-चार टाक्या दिसतात. बांधल्या तेव्हा नारळ फुटलेला असतो, फोटो निघालेले असतात. आता त्यांत जुन्या फरश्या आणि फुटक्या कुंड्या पडलेल्या असतात. चौकशी केली की उत्तर ठरलेलं: चालू केलं होतं, पण वास यायला लागला. हा वास का येतो, आणि सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या दहा-पंधरा मुलामुलींनी मनावर घेतलं तर तो न येऊ देता रोजचा ओला कचरा तिथल्या तिथे कसा जिरवता येतो, ते इथे सांगायचं आहे. टाकी बांधायला आठवडा पुरतो. ती चालू ठेवायला मात्र वर्षभर पुरेल एवढा सुका पाला लागतो आणि परीक्षेच्या दिवसांतही न चुकणारे हात लागतात. बंद पडलेल्या प्रकल्पांत बहुतेक वेळा या दोहोंपैकीच काहीतरी कमी पडलेलं असतं.

कचरा आवाराबाहेर गेला की त्याचं काय होतं, हे पुण्याने फार जवळून पाहिलं आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधी आणि माश्या सोसल्या, विहिरींचं पाणी खराब झालं, शेवटी गाड्या अडवून आंदोलनं करावी लागली. ओला कचरा पिशवीत बांधून ढिगाखाली गेला की त्याला हवा मिळत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात. त्यातून मिथेन निघतो, ढिगाला आगी लागतात आणि खालून काळं पाणी जमिनीत झिरपतं. तोच कचरा हवा खेळेल असा ठेवला तर दुसऱ्याच जातीचे जिवाणू कामाला लागतात, त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते आणि मागे खत उरतं. सगळा फरक हवेचा आहे, आणि टाकीत जे जे करायचं ते हवेची वाट मोकळी ठेवण्यासाठीच.

पहिला आठवडा फक्त वजनाचा

उत्साहाच्या भरात एखाद्या रविवारी खड्डा खणायला घेऊ नका. आधी सलग सात दिवस ओल्या कचऱ्याचं वजन करा. त्यासाठी पन्नास किलोपर्यंतचा हुकाचा लटकता काटा, दोन-तीन बादल्या आणि एक वही पुरते. शनिवार-रविवार सोडून मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक जास्त आणि उष्टंही जास्त. तीन-चार माणसांच्या घरातून साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. पुढचा हिशोब ६० घरांच्या सोसायटीचा आणि घरटी ६०० ग्रॅमचा धरू, म्हणजे रोजचे ३६ किलो. तुमच्या घरांची संख्या वेगळी असेल तर आकडे त्या पटीत बदला, प्रमाण तेच राहील.

मे महिन्यात आंब्याच्या सालींनी आणि कोयींनी हे वजन वाढतं, गणपतीत फुलांनी वाढतं. म्हणून टाकीचं माप ठरवताना थोडी जागा हाताशी ठेवायची.

पाल्याचं गणित

टाकीतल्या जिवाणूंना अन्न म्हणून कार्बन लागतो आणि शरीर बांधायला नायट्रोजन. एका भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन असेल तर काम जोरात चालतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. हा जादा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, आणि नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास येतो तो त्याचाच. शिवाय ओल्या कचऱ्यात शंभरातले पंच्याहत्तर-ऐंशी भाग नुसतं पाणी असतं, आणि टाकीत हवी ५० ते ६० टक्के ओल. त्याहून जास्त पाणी झालं की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.

दोन्हींवर उपाय सुक्या पाल्याचा. पाल्यात कार्बन भरपूर आणि पाणी जेमतेम दहा टक्के. वर तो मऊ कचऱ्याचा लगदा होऊ देत नाही, मधे पोकळी ठेवतो. कागदावर मांडलं तर १० किलो ओल्या कचऱ्याला ४ किलो पाला लागतो. एवढा पाला शहरात कुणाला मिळत नाही, आणि सुदैवाने लागतही नाही. बादलीतलं पाणी आधी निथळून घेतलं, चाळणीवर उरलेली जुन्या खताची सुकी भरड किलो-दीड किलो मिसळली आणि टाकी नीट तापू दिली, की १० किलोंना २ किलो पाल्यात भागतं. आपल्या ३६ किलोंसाठी म्हणजे रोज ७ किलो.

सात किलो हा आकडा छोटा वाटतो, पण कुटलेला पाला दाबून भरला तर एका मोठ्या पोत्यात ८ ते १० किलोच बसतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोरडा पाला मिळत नाही. १२० दिवसांचे ८४० किलो झाले, म्हणजे पावसाळ्यापूर्वी ९० ते १०० पोती भरून ठेवायला हवीत. कितीतरी प्रकल्प जुलैत बंद पडतात ते इथेच. एप्रिलात टाक्या सुरेख चाललेल्या असतात, कारण जमिनीवर पडलेला पाला हाताशी असतो. पाऊस लागला की पाला संपतो, आठवडाभर नुसता ओला कचरा टाकीत पडतो, आणि तळमजल्याच्या घरातून पहिली तक्रार येते.

पुण्यात मोठी पानगळ जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत असते. वर्षावृक्षाची बारीक पानं सगळ्यांत सोयीची, ती न कुटता चालतात. पिंपळ, सागवान, बदाम यांची पानं कुटल्याशिवाय टाकू नका. ओली झाली की एकावर एक चिकटून चटईसारखा थर होतो आणि हवा अडते. आंबा, नीलगिरी, आसूपालव यांची पानं चिवट असतात, ती थोडी थोडी मिसळावीत. कुटण्यासाठी यंत्रच हवं असं नाही. दुपारी बारानंतर पाला कुरकुरीत झालेला असतो, तेव्हा पोतं अर्धं भरून तोंड बांधायचं आणि पायांनी तुडवायचं. शाळकरी मुलांनाही हे काम झेपतं आणि आवडतं.

रस्ता झाडणाऱ्या मावशींशी जानेवारीतच बोला. त्यांना रिकामी पोती द्या, भरलेली कुठे ठेवायची ती जागा ठरवून द्या. पाला उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, तरी तो अजून जळताना दिसतो, कारण झाडणाऱ्याला तो उचलून न्यायची सोय कुणी करून दिलेली नसते. पोती फळकुटांवर किंवा विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका. विजेच्या मीटरच्या खोलीजवळ आणि गाड्यांच्या रांगेत तर मुळीच नको. शंभर पोती सुका पाला ठिणगीने पेटला तर आवरत नाही.

एवढी जागा नसेल तर दुसरे पर्याय आहेत. रसवंतीगृहातली उसाची चिपाडं फुकट मिळतात. दोन दिवस उन्हात वाळवून, वीतभर तुकडे करून घ्यायची, नाहीतर मुंग्या लागतात. नारळाच्या काथ्याचा भुसा दाबलेल्या विटांच्या रूपात मिळतो, जागा कमी खातो आणि पाणी छान शोषतो. पावसाळ्यात तो कोरडाच फोडून वापरायचा, पाकिटावर लिहिलंय म्हणून भिजवून नव्हे. लाकडाचा भुसा फक्त भरीव लाकडाचा घ्या. प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, ते खतात नकोत.

दारातलं वर्गीकरण

ओल्या बादलीत सापडणाऱ्या नको त्या वस्तूंत सगळ्यात जास्त काय असतं? दुधाची पिशवी कापताना उडालेला नखाएवढा तिकोनी तुकडा. तो भाजीच्या देठांत मिसळला की दिसत नाही, टाकीत कुजत नाही आणि दोन महिन्यांनी चाळणीतूनही निसटतो. त्यामागोमाग कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, गजऱ्याचा आणि हाराचा दोरा, सफरचंदावरचा स्टिकर. घरोघरी जाताना "कचरा वेगळा करा" असं मोघम सांगू नका. पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता एका बाजूने जोडलेला ठेवा, एवढंच प्रत्यक्ष कापून दाखवा. लोकांच्या ते लक्षात राहतं, आणि आपलंच काम यातून सोपं होतं.

ओल्यात काय चालतं: भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळी पोळी आणि भात, अंड्याची टरफलं, निर्माल्यातली फुलं. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, मक्याची बुरकुंडं आणि मटणाची मोठी हाडं दोन महिन्यांत कुजत नाहीत. त्यांची वेगळी बादली ठेवा. मासळी-मटणाचं उरलंसुरलं पहिले तीन महिने तरी टाकीत नको. हात बसला की थोडं थोडं मधोमध पुरून वर पाला टाकून चालतं. पातळ आमटी, ताक, तेल नको.

डब्याला पिशवी लावायची सवय मोडणं सगळ्यांत जड जातं. जुनं वर्तमानपत्र घडी घालून तळाशी घाला, ते कचऱ्याबरोबर टाकीत गेलं तरी हरकत नाही. "कुजणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या पिशव्या मात्र परत करा. त्या कुजायला मोठ्या कारखान्यातली सलग उष्णता लागते, आपल्या टाकीत त्या दोन महिन्यांनी जशाच्या तशा निघतात.

घरोघर जायची वेळ संध्याकाळी सात ते नऊ, दोघा-दोघांनी, आणि एकदा नाही तर तीनदा: सुरुवातीला, आठवड्याने आणि महिन्याने. याशिवाय सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान घरकामाला येणाऱ्या मावशींना स्वतंत्र भेटा. पुष्कळ घरांत डबा प्रत्यक्षात त्याच रिकामा करतात, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. एकत्र केलेला डबा आला तर तो न ओरडता, एक चिठ्ठी लावून दारात तसाच ठेवावा. लिफ्टजवळ फलक लावायचा तर त्यावर इमारतवार किलो लिहा. घरांची नावं कधीही लिहू नका. चारचौघांत नाव निघालं की त्या घराशी बोलणंच संपतं.

सुका कचरा ज्यांचा आहे त्यांचाच राहू द्या

तरुणांच्या गटांना एक कल्पना हमखास सुचते: रद्दी, बाटल्या, पुठ्ठा विकून गटासाठी निधी उभारू. हे करू नका. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ साली उभी राहिली, त्यातून कचरावेचकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि २००८ पासून तिचे सभासद महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करतात. घरांकडून मिळणारं मासिक शुल्क आणि निवडलेल्या सुक्या मालाची विक्री या दोहोंवर त्यांचं घर चालतं. पुठ्ठा आणि बाटल्या तुम्ही काढून घेतल्या तर त्यांच्या वाट्याला किंमत नसलेली चकचकीत वेष्टनं आणि घाण तेवढी उरते.

गटाने करायचं ते असं: तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना पहिल्याच बैठकीला बोलवा, वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. सावलीत, पावसापासून आडोशाला, पाण्याचा नळ जवळ असलेली निवड करायची जागा त्यांना मिळवून द्या. दुधाच्या पिशव्या विसळून, उलट्या वाळवून द्यायला घरांना सांगा. स्वच्छ पिशवीला भाव मिळतो, नासक्या दुधाची कुणी घेत नाही. ओला कचरा टाकीत जिरायला लागला की त्यांच्या डोक्यावरचं ओझं निम्म्याने हलकं होतं, पण म्हणून शुल्क कमी करा अशी टूम सभेत निघाली तर ती तिथेच थांबवा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून न पाहता बाजूला ठेवता येतं. पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत कचरावेचकांनीच रुजवली. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. फुटकी काच पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून. या तिन्ही गोष्टींना गटातल्या लहान मुलांनी हात लावायचा नाही.

टाकी

आपल्या ३६ किलोंसाठी आतून ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच अशा चार टाक्या हव्यात. पाला धरून रोज साधारण शंभर लिटर माल पडतो, तो झपाट्याने खचतो, त्यामुळे हजार लिटरची एक टाकी भरायला वीसेक दिवस लागतात. भरल्यावर ती चाळीस दिवस मुरू द्यायची. तीन टाक्या आलटून पालटून चालतात, चौथी सणासुदीला आणि उकरताना माल हलवायला. उंची तीन फुटांहून वाढवू नका. वरच्या वजनाने तळचा थर दाबला जातो आणि तिथली हवा संपते.

विटांचं बांधकाम जाळीदार, दर दोन विटांमध्ये दोन इंच फट. आतून अर्धा इंची लोखंडी जाळी, नाहीतर उंदीर शिरतात. तळ काँक्रीटचाच हवा, कारण घुशी खालून पोखरतात. तळाला एका बाजूला उतार आणि निथळणारं पाणी एका झाकणाच्या बादलीत पडेल अशी नळी. जमिनीपासून सहा ते नऊ इंच उंच चौथरा, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आत येणार नाही. समोरची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची ठेवा. ज्या टाकीतला माल वरूनच काढावा लागतो ती टाकी कुणी उकरत नाही, आणि उकरली नाही की वास आलाच. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी दीड-दोन फूट पुढे आलेलं, कारण पुण्यात पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो.

पेठेतल्या वाड्यात किंवा दाट वस्तीत एवढी जागा निघत नाही. तिथे दोनशे लिटरच्या, चारी बाजूंनी भोकं पाडलेल्या पिंपांत पाच-सहा घरांचं काम भागतं, प्रमाण हेच. तेही शक्य नसेल तर ओला कचरा नीट वेगळा करून कचरावेचकाच्या हाती देणं हेसुद्धा पूर्ण काम आहे, त्यात कमीपणा नाही.

रोजचा अर्धा-पाऊण तास

नवी टाकी सुरू करताना तळाशी सहा इंच जाड काटक्या आणि नारळाच्या शेंड्या पसरा. त्यावर दहा-पंधरा किलो तयार खत, शेजारच्या चालू प्रकल्पातून आणलेलं. ते नसेल तर ताज्या शेणाचा काला चालेल. बाजारातली कल्चरची, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाची, पाकिटं चालतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. जिवाणू कचऱ्यावर आधीपासून असतात, त्यांना हवा आणि योग्य ओल दिली की ते वाढतात.

रोज सकाळी आलेला कचरा थेट टाकीत उलटू नका. आधी पत्र्याच्या ट्रेवर पसरा, प्लॅस्टिक वेचा, मोठे तुकडे कोयत्याने बोटभर करा. मग तिथेच वजन करून पाला आणि भरड मिसळा. थरावर थर देण्यापेक्षा आधी कालवून टाकलेलं लवकर मुरतं. टाकीत पसरल्यावर वर दोन इंच पाल्याचं पांघरूण घाला, इतकं की ओला कचरा वरून दिसता कामा नये. चिलटं आणि माश्या थोपवायला हे पांघरूण पुरतं.

ओल किती आहे ते मुठीने बघा. हातमोजा घालून आतला मूठभर माल घट्ट आवळायचा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब डोकावले तर बरोबर. धार लागली तर पाला कमी पडला. मूठ उघडताच माल भुगा होऊन सांडला तर पाणी शिंपडा. एप्रिल-मेच्या पुण्यात हीसुद्धा अडचण येते, आणि कोरड्या टाकीत वास येत नसल्यामुळे ती लवकर लक्षात येत नाही, महिनाभर काहीच कुजत नाही.

उष्णतेसाठी टाकीच्या मध्यभागी फूटभर आत जाईल अशी लोखंडी सळई खोचून पाच मिनिटं ठेवा. काढल्यावर ती धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या आसपास तापमान आहे. एवढं तापमान तीन दिवस राहिलं तर रोगजंतू आणि तणाच्या बिया मरतात, मात्र कडेचा माल तेवढा तापत नाही. म्हणून दर आठ दिवसांनी दाताळ्याने उकरून कडेचा माल मधे आणि मधला कडेला करायचा. वीस-पंचवीसपेक्षा कमी घरांच्या प्रकल्पात ढीग लहान असल्याने उष्णता टिकत नाही; तिथे मुरण्याचा काळ सव्वापट-दीडपट धरा. गांडुळं सोडायची असतील तर माल पूर्ण थंड झाल्यावरच, तापलेल्या टाकीत ती मरतात.

उकरणं हे अंगमेहनतीचं काम आहे. रोजचं मिसळणं आणि उकरणं सोसायटीच्या सफाई कामगाराकडे देणार असाल तर त्याचे वेगळे पैसे ठरवा, आणि ते वार्षिक अंदाजपत्रकात लिहून घ्या. गमबूट, लांब हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना. खत चाळताना बुरशीची बारीक धूळ उडते, तेव्हा मास्क लावायचाच. दम्याचा त्रास असलेल्यांनी चाळणीपाशी थांबू नये.

बिघडलं तर

कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी: त्याच दिवशी पूर्ण उकरा आणि दोन पोती पाला मिसळा. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे नायट्रोजन जास्त: पाला वाढवा. लोणच्यासारखा आंबूस वास पहिल्या आठवड्यात येतो आणि उकरलं की जातो. कुठल्याही वासावर फिनाईल, डीडीटीसारखी पावडर किंवा चुना टाकू नका. फिनाईलने जिवाणू मरतात आणि टाकी थंड पडते. चुन्याने अमोनिया उलट जास्त सुटतो.

पांढरी बुरशी दिसली तर काळजी नको, ती कामच करते आहे. करड्या-तपकिरी, जाडसर, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या दिसल्या की सोसायटीत हाहाकार उडतो. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी माणसाला चावत नाही, आणि अळ्या ओला कचरा भराभर संपवतात. तरी त्या वर चढून बाहेर पडायला लागल्या तर ओल जास्त झाली असं समजा आणि पांघरूण जाड करा. नळीतून निथळणारं काळं पाणी खत म्हणून लगेच झाडांना घालू नका, ते आम्ल असतं. नव्या टाकीवर परत शिंपडा. टाकी आधीच ओली असेल तर दहापट पाणी घालून फक्त लॉनला.

गणपतीचे दहा दिवस वेगळे. मंडळाचं आणि घरोघरचं निर्माल्य एकदम येतं. दोरे, जरी, थर्माकोल आणि प्लॅस्टिकची फुलं काढून बाकीचं एक दिवस सावलीत पसरून सुकवा, मगच चौथ्या टाकीत घाला.

वही, सुट्ट्या आणि कर

रोज एका ओळीत लिहा: तारीख, ओला किती किलो, पाला किती, सळई गरम की थंड, वास, सही. महिनाभराने ही वही पाहिली की बिघाड कधी सुरू झाला ते अचूक सापडतं. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक सोय चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प खरोखर चालू आहे का ते तपासलं जातं, तेव्हाही वही उपयोगी पडते.

गटात किमान बारा जण ठेवा, रोज दोघे, म्हणजे प्रत्येकाची पाळी आठवड्याला एकदा-दोनदा येते. सगळे एकाच कॉलेजातले नकोत, कारण परीक्षा एकदमच येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे या काळासाठी निवृत्त झालेल्या तीन-चार काका-काकूंना आधीच तयार करा आणि त्यांच्याकडून मूठ आणि सळईची तपासणी दोनदा करून घ्या. दिवाळीत गावी जाणारे बरेच असतात, त्या आठवड्याचं वेळापत्रक दसऱ्यालाच लावा.

खत झालं का, आणि पुढे

साठ दिवसांनी माल काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाचा आणि हाताला थंड लागतो. खात्रीसाठी मूठभर खत ओलं करून पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते अजून कच्चं आहे. दुसरी तपासणी मेथीच्या दाण्यांची: एका कुंडीत नुसती माती, दुसरीत मातीत एक तृतीयांश खत, दोन्हींत वीस-वीस दाणे. खताच्या कुंडीत उगवण कमी दिसली तर आणखी पंधरा दिवस मुरू द्या.

सहा मिलिमीटरच्या जाळीने चाळा. वरची भरड पोत्यात भरून सुकवा, ती पाल्याबरोबर परत वापरायची आहे. ओल्या कचऱ्याच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के खत मिळतं, म्हणजे आपल्या साठ घरांच्या सोसायटीत महिन्याला दीडशे-दोनशे किलो. कुंडीत एक तृतीयांशाहून जास्त घालू नका. उष्ट्या अन्नातलं मीठ खतात उतरलेलं असतं आणि नाजूक रोपांच्या पानांच्या कडा त्याने करपतात. ज्या घरांनी कचरा वेगळा दिला त्यांना दोन-दोन किलो घरपोच द्या. उरलेलं आवारातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यात पावसाच्या सुरुवातीला घाला, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून.